चिंधी पांढरी निघेपर्यंत

साकीनाक्याला माणसाचा धंदा त्याच्या नखांवरून कळायचा. नखांत राखाडी भुकटी असली तर बफिंगवाला, हिरवट झाक असली तर प्लेटिंगवाला, तेलकट चॉकलेटी रेघ असली तर लेथवाला आणि कोपरापर्यंत सगळंच कुळकुळीत असलं तर रिक्षाचा मिस्त्री. संध्याकाळी गाळे बंद झाले की खैरानी रोडच्या वडापावच्या गाडीभोवती ही सगळी नखं एकत्र यायची. माझे वडील साकीविहार रोडवरच्या एका मोठ्या कारखान्यात स्टोअर्समध्ये कारकून होते. त्यांची नखं स्वच्छ. त्यामुळे गल्लीत आमच्या घराला मान होता आणि उपयोगाचं काही विचारायला कोणी येत नसे.

इतक्या काळ्या वस्तीत वाढलेल्या मुलाला काजळी म्हणजे काय हे शिकवायला भारत सरकारला एनसीसी चालवावी लागली, यावर आमच्या गल्लीत अजूनही कोणाचा विश्वास बसत नाही.

एनसीसी उभी राहिली १९४८ च्या कायद्यानं. 'एकता और अनुशासन' हे तिचं ब्रीद. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या कॉलेजातली पोरं तिच्यात शिरत होती त्याला मात्र वेगळी कारणं होती. परेडनंतर समोसे मिळायचे. 'सी' सर्टिफिकेट असलं की पोलीस भरतीत वजन पडतं असं सगळे म्हणायचे. आणि कधी ना कधी खरी रायफल हातात येईल अशी आशा होती. समोशांबद्दल सरकारनं शब्द पाळला. रायफलीसाठी बराच धीर धरावा लागला. तोवर कवायतीला जी मिळायची ती डीपी रायफल, म्हणजे चेंबरला मुद्दाम भोक पाडून कायमची निकामी केलेली थ्री नॉट थ्री. निकामी करताना तिचं वजन तेवढं शाबूत ठेवलं होतं. चार किलोंचं ते धूड खांद्यावर घेऊन उन्हात उभं राहिलं की इंग्रज या देशातून का गेले असतील याचा थोडा अंदाज यायचा.

शेवटी वार्षिक शिबिरात फायरिंगचा दिवस उजाडला. पोटावर झोपायचं, गाल दस्त्याला टेकवायचा, श्वास अर्धवट सोडायचा आणि खटका हळूच दाबायचा. गोळ्या मिळाल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्या संपायला फारसा वेळ लागला नाही, आणि त्यांतल्या काही समोरच्या कागदावर लागल्यासुद्धा. आम्ही उठून एकमेकांच्या पाठी थोपटतोय तोच उस्तादांनी शिट्टी मारली, ताडपत्री अंथरायला लावली आणि सगळ्या रायफली तिच्यावर ओळीनं मांडायला सांगितल्या. त्या ताडपत्रीवर दुपारची संध्याकाळ झाली. फायरिंग ही साफसफाईची छोटीशी प्रस्तावना असते, ही गोष्ट भरतीच्या वेळी कोणी सांगत नाही.

उस्ताद साताऱ्याकडचे, मराठा लाइट इन्फंट्रीचे हवालदार. त्यांची रेजिमेंट १७६८ पासूनची, आणि त्यांच्या बोलण्यावरून असं वाटायचं की तेव्हापासून आजवर तिथं रायफली पुसण्यात खंड पडलेला नाही. हुकूम हिंदीत द्यायचे, शिव्या मराठीत. शिव्या अशा की आईसमोरही सांगता याव्यात. 'आरं केळ्या' ही त्यांतली सगळ्यात वरची.

"चिंधी दोन मापाची," ते म्हणाले. "पुसायला चार बाय दोन इंच. तेल लावायला चार बाय दीड. कुणी अंदाजानं फाडली तर त्याला फाडीन."

हे माप काही उस्तादांच्या लहरीतून आलेलं नव्हतं. चिंधी पातळ झाली तर नळीला नीट चिकटत नाही आणि जाड झाली तर मध्येच अडकते. अडकलेली चिंधी काढायला आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, लागतो, आर्मररला बोलवायला अर्ज लागतो, आणि अर्जात कारण लिहावं लागतं. फुलथ्रू नावाची दोरी असते, तिच्या एका टोकाला पितळी वजन. ते वजन चेंबरकडून नळीत सोडायचं, तोंडाकडून बाहेर आलं की दोरीच्या फासात चिंधी अडकवायची आणि एका दमात, न थांबता, सरळ रेषेत ओढून काढायची. पहिली चिंधी काळी निघते. दुसरी काळी निघते. तिसरी करडी निघाली की माणसाला उगाच आशा वाटायला लागते, आणि चौथी पुन्हा काळी निघते.

नळीचं एक वेळ जमतं. ती सरळ असते आणि तिच्यातून आरपार दिसतं. खरी फजिती बॉडीत. बॉडी म्हणजे रायफलीचा मधला पोलादी भाग. परदेशी पुस्तकांत तिला रिसीव्हर म्हणतात. बोल्ट तिच्यातच मागंपुढं सरकतो, गोळी तिथूनच चेंबरमध्ये ढकलली जाते, रिकामी पुंगळी तिथूनच बाहेर फेकली जाते. म्हणजे सगळी वर्दळ तिथं, आणि वर्दळीचा कचराही तिथंच.

आम्ही उडवली ती .२२ ची रायफल. .२२ ची गोळी दिसायला अगदी गरीब. चाळीस ग्रेनचं, म्हणजे अडीच ग्रॅमला जरा वर, शिसं. शिसं नळीला चिकटू नये म्हणून त्यावर मेणाचा किंवा ग्रीजचा हात. पेटणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत भरलेला, म्हणून पिन मध्यावर न बसता कडेवर बसते. गोळी सुटली की मागं तीन वारस उरतात: अर्धवट जळलेली दारू, वितळलेलं मेण आणि खरवडून निघालेलं शिसं. कागदोपत्री तिघांचं मिळून एकच नाव, कार्बन. ताजा असताना तो बोटानं निघतो. वर्षानुवर्षं कॅडेटांच्या तुकड्यांमागून तुकड्यांनी उडवलेल्या रायफलीत मात्र त्याचे थर बसलेले असतात, आणि आमच्या वाट्याला आलेली रायफल आमच्या कित्येक सीनियरांनी 'साफ' करून ठेवलेली होती.

ही रायफल ली-एनफील्डच्या घराण्यातली. त्या घराण्यात बोल्टला जागेवर धरणारे लग मागच्या बाजूला असतात. त्यांच्यासाठी बॉडीत आतून खाचा केलेल्या आहेत. त्या खाचा डोळ्याला दिसत नाहीत, तिथं बोट पोचत नाही आणि काजळी मात्र अचूक पोचते. तसंच एक्स्ट्रॅक्टरचं नख, म्हणजे पुंगळीला मागं ओढणारा आकडा. त्या नखाखाली जे साठतं ते पाहून मला आमचे गल्लीवाले आठवले. बोल्टच्या तोंडावर पुंगळीच्या आकाराचं काळं कडं उमटलेलं असतं. ते पुसलं की त्याच्या खाली आणखी एक, जरा जुनं, कडं असतं.

आमच्यात एक होता खैरानी रोडचा. त्याच्या वडिलांचा लेथचा गाळा, म्हणून त्याला सगळे लेथच म्हणायचे. ताडपत्रीवरचा हा प्रकार त्यानं थोडा वेळ पाहिला आणि मग त्याच्यातला उद्योजक जागा झाला.

"येडे आहेत हे लोक," तो माझ्या कानात म्हणाला. "चिंधीनं कार्बन निघतो का कधी? आपल्या गाळ्यात दोन मिनिटांचं काम आहे."

त्यानं आपल्या ट्रंकेतून सामान काढलं. शिबिराच्या यादीत मग, ताट, मच्छरदाणी आणि दोन जोडी पांढरे मोजे असं लिहिलं होतं. लेथनं यादीच्या बाहेरचंही आणलं होतं: डिझेलची बाटली, तारेचा ब्रश, एकशेवीस नंबरचा पॉलिश पेपर आणि कॉस्टिकची पुडी. कॉस्टिक कशाला, असं मी विचारलं. रिक्षाचा सायलेन्सर चोंदला की मिस्त्री तो कॉस्टिकच्या पाण्यात उकळतो, तशी ही बॉडी उकळू, असं तो म्हणाला. टू-स्ट्रोक रिक्षांचा तो जमाना. पेट्रोलमध्येच तेल मिसळून जाळायचं, त्यामुळे सायलेन्सर चोंदणं आणि प्लग काळा पडणं ही साकीनाक्याची रोजची घडामोड होती. गाडी झटके देऊ लागली की चालक उतरायचा, प्लग काढायचा, शर्टाच्या बाहीला पुसायचा आणि पुढं निघायचा. या पद्धतीनं निम्मी मुंबई चालते, मग रायफल का चालू नये, असा त्याचा सवाल होता.

पॉलिश पेपर बोल्टला टेकायच्या आत उस्ताद तिथं पोचले. त्यांना तो आवाज ऐकू आला असेल असं म्हणावं, तर आवाज झालाच नव्हता. ते बहुधा वासावर आले.

"ह्यो काय?"

"पॉलिश पेपर, उस्ताद. आरशासारखी करून देतो."

उस्ताद खाली बसले. इतका वेळ उभ्यानं ओरडणारा माणूस खाली बसला की प्रकरण गंभीर आहे हे समजून घ्यावं. त्यांनी सांगितलं की रायफलीच्या पोलादावर जो काळपट रंग असतो तो मळ नसतो, ते गंजाविरुद्धचं कवच असतं. काजळी काळी आणि कवचही काळं, म्हणून नवख्याला दोन्ही एकच वाटतात. पॉलिश पेपरनं आधी कवच जातं, काजळी तिच्या सवडीनं जाते. आणि बोल्ट ज्या रायफलीचा असतो त्याच रायफलीत बसतो, दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. बोल्टचा लग पेपरनं केसभर जरी झिजला तरी कुलूप ढिलं पडतं, आणि ढिल्या कुलपामागं उडवणाऱ्याचं तोंड असतं.

"तुजं तोंड हाय ते," उस्ताद म्हणाले. "माजं न्हाय."

लेथनं पेपर गुंडाळून खिशात घातला. डिझेल मात्र उस्तादांनी जप्त केलं, आणि पुढचे दोन दिवस शिबिराचा जनरेटर फार समाधानानं चालला.

या काजळीनं जगाला किती ताप दिलाय याची कल्पना आम्हाला तेव्हा नव्हती. जुन्या काळ्या दारूत पंचाहत्तर टक्के सोरा, पंधरा टक्के कोळसा आणि दहा टक्के गंधक. ती जळली की निम्म्याहून जास्त माल घनरूपानं मागंच राहतो, म्हणजे ती पुढं जेवढं ढकलते त्याहून जास्त मागं ठेवते. थोड्या फैरी झाल्या की नळी इतकी चोंदायची की पुढची गोळी आत उतरेना. यावर इंग्रजांनी १८५३ च्या एनफील्ड रायफलीसाठी उपाय काढला: काडतुसाच्या कागदाला वंगण लावायचं, म्हणजे गोळीही सहज सरकेल आणि काजळीही मऊ राहील. ते वंगण कसलं होतं यावरून १० मे १८५७ ला मीरतला काय झालं हे शाळेत सगळ्यांनी वाचलंय. ईस्ट इंडिया कंपनी बुडाली त्याला कारणं पुष्कळ होती, पण त्यांत एक नळी साफ ठेवण्याचंही होतं, आणि इतिहासाची पुस्तकं तिच्यावर अन्याय करतात असं माझं मत आहे.

पुढं १८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच माणसानं बिनधुराची दारू केली, मागोमाग इंग्रजांनी कॉर्डाइट केलं. धूर गेला, पण काजळी जाईल असं वचन कोणी दिलं नव्हतं. उलट थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाबरोबर नवीनच भानगड आली. गोळीच्या टोपीतल्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते पेटून मागं उरायचं पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे एक प्रकारचं मीठच. मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि मुंबईच्या हवेत पाणी किती असतं हे सांगायला नको. तेलात मीठ विरघळत नाही. त्यामुळे रायफलीला भरभरून तेल लावणारा भाविक सकाळी उठून बघतो तर तेलाखाली तांबूस गंज. आपल्या पुण्याच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, आणि तिथली केएफ असा शिक्का असलेली थ्री नॉट थ्रीची काडतुसं या गंजासाठी परदेशातल्या जुन्या बंदुकवाल्यांतही नावाजलेली आहेत. महाराष्ट्राचं नाव सातासमुद्रापार कशाकशानं गेलं याची यादी कोणी करत असेल तर हे त्यात घालावं.

मिठावर उपाय एकच: उकळतं पाणी. चेंबरकडून नळीत किटलीभर उकळतं पाणी ओतायचं. मीठ विरघळून जातं, नळी तापते आणि तापल्यामुळे आपोआप सुकते. मग तेल. सीनियरांनी थ्री नॉट थ्री उडवली त्या दिवशी उस्तादांनी लंगरातून उकळत्या पाण्याचा टोप मागवला. लंगरवाल्याला वाटलं, चहा हवाय. त्यानं पाणी उतरवण्याआधी सवयीनं त्यात पत्ती आणि आलं टाकलं. तो टोप घेऊन आलेला जवान, उस्ताद आणि नरसाळं लावून उभी ठेवलेली रायफल यांनी एकमेकांकडे बघितलं. साखर अजून पडली नव्हती, एवढंच नशीब. उस्तादांनी तो चहा आम्हाला प्यायला लावला, बिनदुधाचा, बिनसाखरेचा, आणि दुसरा टोप येईपर्यंत आम्ही तो देशसेवा म्हणून प्यायलो.

बॉडी साफ न करण्याचा प्रयोग जगात एकदा मोठ्या प्रमाणावर झालेला आहे, आणि तोही अमेरिकेत. त्यांची एम-१६ रायफल अशी की गोळीमागचा तापलेला वायू एका बारीक नळीनं थेट बॉडीत आणून सोडायचा आणि त्याच्या जोरावर बोल्ट मागं ढकलायचा. ज्या ताटात जेवायचं त्याच ताटात हात धुवायचे, असा हा प्रकार. व्हिएतनामला पाठवताना ही रायफल जवळजवळ आपोआपच साफ राहते असा बोलबाला झाला आणि पुष्कळ जवानांना साफसफाईचं सामानच मिळालं नाही. त्यात दारूचा प्रकार बदललेला आणि चेंबरला आतून क्रोम मारायचं राहून गेलेलं. ऐन लढाईत रायफली अडकू लागल्या, माणसं मेली, १९६७ साली त्यांच्या संसदेच्या समितीनं चौकशी केली. क्रोमचं खैरानी रोडला कोणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण अमेरिकेचं सैन्य इकडं फिरकत नाही. चौकशीनंतर त्यांनी चेंबरला क्रोम मारलं, सामान वाटलं आणि १९६८ साली रायफल कशी साफ करावी यावर चक्क एक कॉमिक काढलं. चित्रं त्यांच्या नामवंत चित्रकाराची, विल आयझनरची. त्यात एक देखणी बाई जवानांना एक एक भाग उघडून, पुसून दाखवते. आमच्याकडे ते काम उस्ताद करत होते. मी तुलना करत नाही.

तर ताडपत्रीवर संध्याकाळ झाली आणि तपासणीला सुरुवात झाली. उस्ताद एका टोकापासून निघाले. प्रत्येक रायफलीचा बोल्ट काढायचा, उजव्या हाताची करंगळी बॉडीत घालायची, आत फिरवायची, बाहेर काढायची आणि कॅडेटच्या नाकासमोर धरायची. करंगळी काळी. "फिर से." पुढची रायफल. करंगळी काळी. "फिर से." पहिला कॅडेट तेवढा सुटला, त्याच्या वेळी करंगळी जेमतेम करडी होती. बाकी सगळे पुन्हा चिंध्या फाडायला बसले. चिंध्या संपल्या तेव्हा रुमाल गेले. रुमाल गेल्यावर बनियनं गेली. शिबिरात पांढरं सुती कापड शोधून सापडेना. एकानं मच्छरदाणीचा कोपरा कापला; त्या रात्री डासांनी त्याला त्याची किंमत सांगितली.

तिसऱ्या फेरीला लेथची पाळी आली. त्यानं बांबूची काडी चपटी करून, टोकाला चिंधी गुंडाळून, लगच्या खाचासुद्धा कोरून काढल्या होत्या. त्या रायफलीवर मीही हात फिरवला होता. तिच्यात घालायला काजळी बाहेरून आणावी लागली असती. उस्तादांनी करंगळी घातली, फिरवली, काढली. काळी.

"फिर से."

लेथ सावधानमध्ये उभा होता. सावधानमध्ये बोलायचं नसतं. पण तो साकीनाक्याचा, नखं वाचत वाढलेला.

"उस्ताद," तो म्हणाला, "ती शेजारच्या रायफलीची आहे."

"काय?"

"काजळी. तुमच्या करंगळीवरची. नखाच्या कडेला जुनी सुकलीय, आजची नाय ती. बोट पुसून परत घाला."

ओळीतल्या सगळ्यांनी श्वास अर्धवट सोडून धरला. फायरिंगचं शिक्षण तिथं उपयोगी पडलं. उस्तादांनी स्वतःच्या करंगळीकडं बघितलं. मग लेथकडं. मग आभाळाकडं, जिथं काहीच चाललेलं नव्हतं. मग खिशातून अगदी पांढराशुभ्र रुमाल काढला (शिबिरातला शेवटचा) आणि करंगळी सावकाश पुसली. पुन्हा बॉडीत घातली. बाहेर काढली. ती तेलानं चमकत होती आणि तिच्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

"मैदानाला दोन चक्कर," उस्ताद म्हणाले. "सावधानमदी बोलल्याबद्दल. मग येऊन च्या पी. दुधाचा."

पुढच्या प्रत्येक रायफलीच्या आधी त्यांनी करंगळी पुसली आणि अर्ध्या तासात सगळ्या रायफली पास होऊन कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या कोठारात, गेल्या, साखळ्या लागल्या, कुलूप बसलं.

रात्री शेकोटीपाशी मी त्यांना विचारलं की काजळी कधी शंभर टक्के निघते का. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की त्यांनी नोकरीत काजळीनं गेलेल्या नळ्या कमी पाहिल्या, दोरीनं गेलेल्या जास्त. फुलथ्रू तिरका ओढला की दोरी नळीच्या तोंडाला एकाच बाजूनं घासते, वर्षानुवर्षं घासून तिथं खाच पडते, आणि गोळी नळीतून सुटताना शेवटचा स्पर्श त्याच तोंडाला करून जाते. तिथं खाच पडली की नेम गेला. मग नळी आतून कितीही चमको. जुन्या थ्री नॉट थ्री तपासणारे आर्मरर नळीच्या तोंडावरची ही दोरीची खूण मुद्दाम बघतात. हे ऐकून मी म्हटलं, मग आज आम्हाला तीन-तीन वेळा का ओढायला लावलं? त्यावर उस्तादांनी दिलेलं उत्तर मला अजून सैन्याचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर वाटतं.

"मग जेवणापतुर तुमी काय करनार व्हता?"

ज्यांना काजळीचा खराच कंटाळा आहे त्यांच्यासाठी हवेची रायफल आहे. तिच्यात दारू नाही, त्यामुळे काजळीही नाही. आमच्याच मुंबईत, दादरच्या कीर्ती कॉलेजच्या एनसीसीतून नेमबाजीत आलेल्या अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या त्या दहा मीटरच्या हवेच्या रायफलीवर. २००८ चं अभिनव बिंद्राचं सुवर्ण हवेच्या रायफलीचं, २०१२ चं गगन नारंगचं कांस्यही हवेच्याच. दारूच्या रायफलीवर ऑलिंपिक पदक मिळवणारा पहिला भारतीय कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. १ ऑगस्ट २०२४ ला, पॅरिस ऑलिंपिकच्या शातोरू इथल्या रेंजवर, पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक. रायफल तीच, .२२ च्या जातीची. काजळी तीच. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल करणारे पुष्कळ असतात; या माणसानं गुडघ्यावर, पोटावर आणि उभ्यानं, तिन्ही तऱ्हांनी त्या काळ्या धंद्यातून पदक काढलं. शिवाय तेव्हा नोकरी मध्य रेल्वेत तिकीट तपासनीसाची, म्हणजे दुसऱ्याच्या खिशातलं तपासायची सवयही होतीच.

साकीनाक्याला आता मेट्रो आहे. २०१४ पासून डोक्यावरून गाडी जाते आणि खाली पूर्वीसारखंच काही हलत नाही. लेथच्या गाळ्यात सीएनसी मशीन आलंय; ते काचेच्या दारामागं चालतं आणि लेथची नखं हल्ली माझ्या वडिलांसारखी दिसतात, याचं त्याला जरा वाईट वाटतं. पलीकडच्या एका बँकेच्या दारात बसणारे रखवालदार बाबा दुनळी बंदूक गुडघ्यावर आडवी ठेवतात. तिच्यातून नोकरीत एकदाही बार निघालेला नाही, त्यामुळे काजळीचा कण नाही. तरी बाबा दर रविवारी तिला खोबरेल चोळतात. लेथनं त्यांना समजावलं की खोबरेल सगळी धूळ धरून ठेवतं, बंदुकीला खनिज तेलच लावावं. बाबा म्हणाले, बंदुकीला नसेल चालत, पण बँकेत येणाऱ्यांना वास चांगला वाटतो.

ज्यांच्या घरातलं पोरगं किंवा पोरगी यंदा एनसीसीच्या शिबिराला निघाली असेल त्यांनी यादीतल्या सामानात दोन जुनी बनियनं जास्तीची घालावीत. शंभर टक्के सुती हवीत. टेरिकॉटची तेल पीत नाहीत.